सामाईकातली गाडी

गाडी विकायचं ठरलं, आणि ठरताना घरात कुणाचा आवाजही चढला नाही. थोरल्या सुनेला, छायाला, भीती वाटली ती याचीच. भांडण झालं असतं तर निदान दोघे भाऊ एकमेकांशी बोलले तरी असते. पण वाटणीपासून धनंजय आणि पियुषचा अबोला इतका मुरला होता, की एका सतरंजीवर बसूनही दोघे आईच्या तोंडून बोलायचे.

"आई, त्याले सांग, रविवारी दुपारून हिंगणघाटचा गिऱ्हाईक येऊन राह्यला," धनंजय म्हणाला होता.

"आई, दादाले सांग, येऊ दे," पियुष म्हणाला होता.

मनकर्णाबाई दोघांच्या मधे बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही. सांगायला उरलं होतं काय? पण त्याच संध्याकाळी त्यांनी छायाला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "पुलगावले फोन लावून दे मले. प्रभाकरले बलावतो."

मनकर्णाबाईंचे यजमान अण्णाजी गेल्यावर अल्लीपूरच्या या घरात सगळ्याची वाटणी झाली होती. शेत वाटलं, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या वाटल्या, लोणच्याच्या बरण्या वाटल्या, पोर्चमध्येसुद्धा मधोमध एक भिंत उठली. पुढचं घर थोरल्या धनंजयचं, मागचं धाकट्या पियुषचं. राहिली ती फक्त अण्णाजींची पांढरी गाडी. तिचे दोन तुकडे होत नव्हते म्हणून ती सामाईकात राहिली. एक आठवडा ह्या घरची, एक आठवडा त्या घरची. किल्ली मात्र मनकर्णाबाईंच्या खोलीतल्या खिळ्याला. त्या किल्लीच्या निमित्ताने दोन्हीकडची माणसं तिथे यायची, पाच मिनिटं टेकायची, म्हातारीच्या हातचा सुपारीचा तुकडा तोंडात टाकून जायची.

छायाला दुसरंही एक दुःख होतं, ते ती कुणाला सांगत नसे. ही गाडी चालवायला तिला सासऱ्यांनी शिकवलं होतं. सुनेला शेजारी बसवून अण्णाजी हिंगणघाट रोडला निघाले की गावातली माणसं ओट्यावरून माना वळवून पाहायची. पुढे पियुषचं लग्न झालं, वर्षाली आली, आणि तिला छायाने शिकवलं. दोघी जावा रिकाम्या रस्त्यावर गाडी बंद पाडायच्या आणि पोट धरून हसायच्या. आता भिंतीपलीकडून "ताई, भाजी काय केली?" एवढंच यायचं, आणि इकडून भाजीचं नाव जायचं. गाडी गेली की किल्ली जाईल, किल्ली गेली की एका अंगणातली ही दोन घरं शेजारी होऊन जातील, पाहुण्यांसारखी सणावाराला भेटतील. 

आणि गाडी विकायची तरी कशासाठी? तर ती तेल पीत होती. पेट्रोल नव्हे, इंजिनातलं ऑइल. मागून निळा धूर सोडत होती. हिंगणघाटच्या मिस्त्रीने धूर पाहून सांगितलं होतं की इंजिन खोलावं लागेल, मग कळेल. खोलायचं कुणी, खर्च कुणाच्या वाट्याचा, इथे घोडं अडलं. धनंजयचं म्हणणं, धाकटा गाडीत तुरीची पोती वाहतो, इंजिन दमलं. पियुषचं म्हणणं, थोरला चढावरही गिअर बदलत नाही, गाडीचा जीव काढतो. हे सगळं अर्थात आईला उद्देशून.

रविवारी सकाळी प्रभाकरराव उतरले. मनकर्णाबाईंचा पाठचा भाऊ, अंगाने भरलेला, बोलायला मोकळा. पुलगावच्या डेपोत गाड्यांच्या शेडमध्ये सगळी नोकरी झाली आणि त्याचा रुबाब निवृत्तीनंतरही उतरला नव्हता. छायाने चहा पुढे केला तर म्हणाले, "चहा मंग दे बाई. पहिले पेशंट पाहू दे."

"इकत घेनारा दुपारून येऊन राह्यला," मनकर्णाबाई म्हणाल्या. "त्याच्या पहिले तू एकदा पाहून घे. माह्या मनाचं समाधान."

पोर्चसमोरच्या उतारावर सगळे जमले. धनंजय उजव्या चाकाजवळ, पियुष डाव्या चाकाजवळ. वर्षाली मागच्या घरातून ओले हात पदराला पुसत आली आणि छायापासून थोडी दूर उभी राहिली.

"सांगा आता," मामा म्हणाले. "धूर कवा निघते? सकाळी चालू करताच, का पाय दाबल्यावर?"

"दोन्ही खेपेले," धनंजय म्हणाला. "आन् मामा, त्याले विचारा, पोते कोन वाह्यते गाडीत."

"मामा, दादाले सांगा, पोते वाह्याले मी टेम्पो करतो. एक डाव वाह्यले असतील."

"मी पोस्टमन हाओ का रे?" मामांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तुमचं टपाल तुमी पोचवा. मले गाडीचं सांगा. निळा धूर म्हंजे तेल जळून राह्यलं, हे तं झालं. आता ते जळाच्या जागी शिरते कुठून, हे पाहा लागते. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील, नाई तं वरचे रबरी सील कडक झाले असतील. पन इंजिन खोलाच्या पहिले जे न खोलता दिसते ते समदं पाहून घ्याव. डाक्टर पहिले जीभ पाह्यते ना? का आल्या आल्या पोट फाडते?"

मनकर्णाबाई पदराआड हसल्या. मामा गुडघे धरत वाकले, गाडीखाली हात फिरवला, फडक्याने इंजिनाचा बुडखा पुसला. कोरडा. खाली फरशीवरही डाग नव्हता. म्हणजे तेल गळत नव्हतं. मग उठून त्यांनी गाडी एका बाजूने न्याहाळली आणि कपाळाला आठी घातली.

"ही अशी तोंड वर करून काऊन उभी हाये?"

दोघा भावांची नजर पोर्चातल्या भिंतीकडे गेली. शेवटी मनकर्णाबाईच म्हणाल्या, "मधात भित आली ना, बापा. आता पोर्चात मावत नाई. यायच्या बाबाच्या वक्ती आत सपाटीवर राहे. आता उतारावरच राह्यते रात्रंदिवस."

"अस्सं," मामा म्हणाले आणि त्यांनी उतार एकदा निरखून पाहिला. मग म्हणाले, "चालू नोका करू. ढकला. घरासमोर सपाट जागा हाये, तिथं घ्या. छाया, तू आत बस."

छाया स्टिअरिंगवर बसली. हँडब्रेक सोडला तशी गाडी उतारावरून हळूच खाली आली आणि मग दोघा भावांनी दोन बाजूंनी खांदे लावले. पुढच्या काचेतून तिला दोघांची डोकी दिसत होती, एकाचं पिकलेलं, एकाचं टक्कल पडायला लागलेलं. एकाच बापाची लेकरं, दोघेही जोर लावताना खालचा ओठ दातात धरायचे. हे आपण आजवर कसं पाहिलं नाही, असं तिला वाटलं आणि उगाच डोळ्यांत पाणी आलं.

सपाट जागेवर गाडी उभी राहिली. मामांनी सगळ्यांना थोडं थांबवलं, तेल खाली निथळू दे म्हणाले, आणि तेवढ्यात चहा पिऊन घेतला. मग बॉनेट उघडलं, तेलाची पट्टी बाहेर ओढली, पुसली, परत घातली, परत ओढली. पट्टीवर दोन खुणा असतात, तेल त्या दोहोंच्या मध्ये असावं. मामांनी पट्टी डोळ्याजवळ नेली, मग लांब धरली, मग छायाकडे दिली.

"तूच वाच. मले चष्मा लागला."

छायाने पाहिलं. तेल वरच्या खुणेपर्यंत नव्हतं, वरच्या खुणेच्याही कितीतरी वर होतं.

"मामाजी, हे तं जास्त हाये."

"जास्त? गळ्याइतकं हाये." मामांनी हवेच्या फिल्टरचं झाकण काढलं. आतला कागद तेलाने चिंब. त्याला जोडलेली इंजिनाच्या श्वासाची नळी काढून त्यांनी ती फडक्यावर आपटली, तसा काळा गाळ पडला. "हे पाहा. पोटात मावंना इतकं तेल भरलं. आतला दांडा त्याले घुसळते, फेस होते, आन् फेस ह्या नळीतून वर चढते आन् पेट्रोलासंगं जळते. म्हून धूर. गाडी तेल पीत नाई, बाप्पा. तुमी तिले पाजून राह्यले. कोन टाकते तेल?"

"मी तं टाकतच नाई," धनंजय म्हणाला. "मागच्या भितीजवळ तेलाचे रिकामे डबे दिसतात, म्हंजे तोच टाकत असंन."

"मी?" पियुष चमकला. "मी कायले टाकू? दादाच्या जिन्याखाली डबे पडले हायेत. मले वाटलं दादाच टाकते. तितके डबे पाहूनच तं मले वाटलं का गाडी कामातून गेली."

"मलेही तसंच वाटलं," धनंजय म्हणाला, आणि आपण कुणाच्या बोलण्याला उत्तर देतोय हे लक्षात येऊन गप्प झाला.

 खाली पाहत छाया म्हणाली, "मी टाकतो, मामाजी."

आणि तिचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं तर पलीकडून वर्षाली म्हणाली, "मी पन टाकतो."

दोघी जावा एकमेकींकडे पाहत राहिल्या.

"काऊन व?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

छायाला सांगताना जड गेलं. "आपला आठवडा सरला का गाडी त्या घरी जाते. दुसऱ्याचं भांडं घरी आलं तं ते रिकामं कसं धाडाव? तुमीच शिकवलं ना, चार दाने साखर तरी टाकून धाडाव. मी शनिवारी किल्ली ठेवाच्या पहिले पट्टी पाहो. तेल कमी दिसे. मले वाटे, भाऊजी म्हनतील, यायनं गाडी कोरडी करून देल्ली. म्हून टाको. यायले नाई सांगितलं, सांगितलं असतं तं हे म्हनाले असते, त्यायनंच पेलं, त्यायलेच भरू दे."

"आन् तू?" मामांनी वर्षालीला विचारलं.

वर्षालीने मान वर केली नाही. "मले वाटे, ताईच्या हाती गाडी जाऊन राह्यली. ताईनं शिकोली मले. तिले कमी तेलाची कशी देऊ. मलेही पट्टीवर कमीच दिसे."

"दिसनच ना," मामा म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "तोंड वर करून उभी केलेल्या गाडीत तेल मांगं जाते, पट्टी पुढं हाये. त्यात तुमी गाडी आल्या आल्या पाह्यता, तवा तेल अजून वरच राह्यते. हिनं टाकलं, तिनं टाकलं. थोडं जळालं तं अजून टाकलं." त्यांनी फडक्याला हात पुसले. "डेपोत मी कमी तेलानं मेलेल्या गाड्या लई पाह्यल्या. मायेनं आजारी पडलेली ही पहिलीच."

वर्षाली हसायला गेली आणि तिला रडू फुटलं. छाया तिच्याजवळ गेली, पण सगळ्यांदेखत जवळ घ्यायचा संकोच वाटला, म्हणून तिच्या खांद्यावरचा पदर उगाच सारखा केला. वर्षालीने तो हात धरून ठेवला.

मग कामाला सुरुवात झाली. मामांचे गुडघे वाकेनात, म्हणून खाली पियुष शिरला. जुनं तेल सगळंच काढून टाकायचं होतं. तो खालून हात बाहेर काढून चाचपू लागला तर धनंजयने पान्हा त्याच्या हातात ठेवला.  मग घमेलं सरकवलं. तेल धारेने पडू लागलं तसं दोघेही ती धार पाहत बसले. धनंजय चौकातल्या दुकानातून तेलाचा आणि हवेचा, असे दोन्ही नवे फिल्टर घेऊन आला. छायाने श्वासाची नळी रॉकेलने स्वच्छ केली, इतकी की मामा म्हणाले, "बस कर, त्यातून काय दूध प्याचं हाये?"

तेल भरायला छाया आपल्या घरचा डबा घेऊन आली, वर्षाली आपल्या. दोन्ही अर्धे, आणि दोन्ही एकाच जातीचे. अण्णाजी हेच आणायचे, दोघींनीही दुसरं आणायचा विचार केला नव्हता. मामांनी पट्टी पाहत पाहत थोडं थोडं ओतायला लावलं. एकदा हिच्या डब्यातून, एकदा तिच्या. खुणेच्या जरा आत तेल आलं तसा हात वर केला.

"हे झालं बुडाचं काम. आता चालवून पाहा लागंन. जवळचं नाई, लांब न्या. इंजिन चांगलं तापू द्या."

"केळझरले जाऊ," मनकर्णाबाई म्हणाल्या. "यायचे बाबा गेल्यापासून गनपतीचं दर्शन नाई झालं."

"आई, गिऱ्हाईक येईन ना दुपारून," धनंजय म्हणाला.

"येईन तं बसंन."

तर निघाले. पाच जणांच्या गाडीत सहा जण. मामा पुढेच बसणार, कारण मागे मामा आणि दुसरं कुणी, असं मावतच नव्हतं. छाया चालवायला. मागे एका खिडकीशी मनकर्णाबाई, त्यांच्याजवळ वर्षाली, मग पियुष, आणि दुसऱ्या खिडकीशी धनंजय. दार लावताना दोघा भावांना अंग चोरावं लागलं आणि तरी खांद्याला खांदा घासत राहिला. दोघेही दोन दिशांना पाहत होते.

गाव सुटेपर्यंत मागे इतका धूर, की एका सायकलवाल्याने नाकाला रुमाल लावला. छायाचा पाय ब्रेककडे गेला.

"घाबरू नोको," मामा म्हणाले. "नळ्यांत जे साचलं ते जळन पहिले. चाल तू."

ती चालवत राहिली. दोन्हीकडे कपाशी वेचायला आली होती, बाया ओट्या बांधून वाकल्या होत्या. आरशात धूर पातळ व्हायला लागला. वर्धा येईस्तोवर विरळ झाला आणि सेलू ओलांडलं तेव्हा मागे नुसता रस्ता दिसत होता. छाया पुन्हा पुन्हा आरशात पाहत होती. मागून वर्षालीही मान वळवून काचेतून पाहत होती. दोघींची नजर आरशात भेटली तशा दोघी हसल्या, रिकाम्या रस्त्यावर गाडी बंद पाडून हसायच्या तशा.

केळझरला मामांनी सपाट जागा शोधून गाडी लावायला सांगितली. टेकडी चढून दर्शन झालं, मनकर्णाबाई गणपतीपुढे डोळे मिटून बराच वेळ उभ्या राहिल्या. खाली उतरेपर्यंत इंजिन निवलं होतं. मामांनी पट्टी ओढायला वर्षालीला सांगितलं, वाचायला छायाला.

"होतं तिथंच हाये," छाया म्हणाली.

"एका फेरीनं पक्कं सांगता येत नाई. महिनाभर पाहा. जुनी हाये, थोडं पीन. वरचे सील तेवढे बदलून घ्याजा. पन इंजिन खोलाची गरज नाई. आन् आता एकाच घरानं तेल पाह्याचं नाई, दोघींनी मिळून पाह्याचं. सकाळी, थंड असतानी, सपाटीवर. एकीनं ओढाचं, दुसरीनं वाचाचं."

छाया पट्टी पुसून परत घालत होती, तेवढ्यात धनंजय म्हणाला, "बरं झालं. आता गिऱ्हाइकाले धड गाडी दाखोता येईन."

 मामांनी पाठ फिरवून बॉनेट लावलं. पियुषने रस्त्याकडे पाहिलं. वर्षालीच्या तोंडावरचं हसू मावळलं. छायाच्या मनात आलं की नवऱ्याला दंड धरून हलवावं, आणि म्हणावं, अहो, कुणाला हवंय धड दाखवायला? पण तिलाही कळत होतं. हा माणूस ठरलेलं मोडायला भीत होता. आपण नको म्हणावं आणि धाकट्याने हवंच म्हणावं, मग तोंड कुठे दाखवायचं? पियुषचंही तेच असणार. ती मुकाट गाडीत बसली. सगळे आले होते तसेच बसले.

 परतीच्या वाटेवर इंजिन सुरेख चालत होतं आणि त्याचाच छायाला राग येत होता.

वर्धा ओलांडलं आणि धनंजयचा फोन वाजला. वरच्या खिशात होता, पण एक हात दाराशी दबलेला, दुसऱ्यात नारळाची आणि प्रसादाची पिशवी. त्याने खांदा हलवून पाहिला, जमेना. फोन वाजत राहिला. शेवटी पियुषनेच हात घातला, भावाच्या खिशातून फोन काढला आणि कानाला लावला.

"हाव. हाव, त्यायचाच हाये फोन, मी लहाना भाऊ." पलीकडचा माणूस मोठ्याने बोलत होता, छायालाही पुढे ऐकू आलं. तो अल्लीपुरात पोहोचला होता, घरासमोर उभा होता, गाडी कुठे आहे विचारत होता.

पियुष थांबला. त्याने मोठ्या भावाकडे पाहिलं. धनंजय पिशवीकडे पाहत होता.

"भाऊ, तुमाले तकलीफ झाली," पियुष म्हणाला.  "पन दादा म्हनते, गाडी द्याची नाई."

दादा असं काहीच म्हणाला नव्हता. गाडीतल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. छायाने आरशात पाहिलं. आता नवरा काय बोलतो? धनंजयने पिशवी मांडीवर टेकवली. मग त्याने मान वळवली.

"त्याले म्हना चहा पिऊन जा," तो म्हणाला, आणि मग स्वतःलाच चुकल्यासारखं वाटून पुन्हा म्हणाला, "म्हन त्याले, पियुष. आन् थोडा सरक ना. माह्या हाताले मुंग्या आल्या."

"कुठं सरकू, दादा?" पियुष म्हणाला. "जागा कुठं हाये?"

मनकर्णाबाईंनी तोंडावर पदर ओढून घेतला. मामा पुढच्या रस्त्याकडे पाहत खाकरले. छायाला समोरचं धूसर दिसायला लागलं. तिने एका हाताने डोळे पुसले आणि गाडीचा वेग कमी केला. घर एवढ्यात यायला नको होतं.